टिकल्याची बारी

शीला घोडेगावला गेली होती अंगणवाडीच्या मासिक मीटिंगसाठी. जाताना सासऱ्यांनी तिला एकच काम सांगितलं होतं, जनावरांच्या दवाखान्यातून मथुऱ्या बैलाच्या खुराला लावायचं मलम आणायचं. संध्याकाळी ती लोणीच्या स्टँडवर एसटीतून उतरली, तेव्हा तिच्या पिशवीत मलम होतं आणि काखेत कांद्याच्या गोणीत गुंडाळलेलं एक कुत्रं होतं.

सासरे रखमाजी ओट्यावरच बसले होते. त्यांनी आधी मलमाची डबी मागून घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि मग गोणीकडे पाहिलं.

"ह्ये काय आणलंस?"

"कुत्रं हाय, मामा."

"ते दिसतंय मला. त्याचं मागलं पाय असं का लोंबत्यात?"

शीलाने सगळं सांगितलं. मंचरजवळ एका जीपने त्याला उडवलं होतं आणि कंबरेखालचं अंग लुळं पडलं होतं. घोडेगावच्या डॉक्टर वाळुंजांनी त्याला वाचवलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवलं आणि दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला घेऊन जाता का म्हणून विचारलं. लोक पाहायचे, हळहळायचे आणि आपली म्हैस घेऊन निघून जायचे. शीलाही तशीच निघाली असती. पण मलमाची वाट बघत ती बाकावर बसली असताना त्या कुत्र्याने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही कान जोरजोरात हलवायला सुरुवात केली. शेपटीत जीव राहिला नव्हता, म्हणून बिचारं शेपटीचं काम कानांकडून करून घेत होतं. ते पाहिल्यावर शीलाला रिकाम्या काखेने परत येणं जमलं नाही.

रखमाजींनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. त्यांची अडचण वेगळी होती. तीस वर्षं ते गाडामालक म्हणून पंचक्रोशीत ओळखले जात. गावोगावच्या यात्रेत चढाच्या घाटावर बैलगाडे पळतात, पुढे एक घोडी दौडते, मागे बैल सुटतात, आणि वरच्या रेघेवर गाडा पोचायला किती सेकंद लागले ते घड्याळावर मोजतात. एका गाड्याची एक दौड म्हणजे एक बारी. रखमाजींचा मथुऱ्या आणि त्याचा जोडीदार वाघ्या यांना बघायला लांबून माणसं यायची. पहिला नंबर मात्र कधी आला नव्हता, दर वर्षी तो गावातल्याच सोमाजीशेठच्या गाड्याने न्यायचा. अशा घराच्या दारात सरपटणारं कुत्रं दिसलं, तर सोमाजी चार गावांत काय सांगत फिरेल, हे रखमाजींना न सांगता कळत होतं.

शेवटी त्यांनी अट घातली. कुत्रं मागच्या गोठ्यात राहील. कुणी विचारलंच, तर ते पाहुण्यांचं आहे, चार दिवसांसाठी आलंय, असं सांगायचं.

शीलाने मान हलवली. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिने त्याचं नाव टिकल्या ठेवलं. पाहुण्याचे ते चार दिवस पुढे तीन महिने चालले.

शीलाचा नवरा कुंडलिक रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान चालवायचा. गेट, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाकीचे स्टँड असली कामं करायचा. टिकल्या सरपटून सरपटून पोटाला जखमा करून घेतोय हे पाहिल्यावर त्याने टेपने त्याचं माप घेतलं आणि त्याला एक गाडा करून द्यायचं ठरवलं. पहिला गाडा त्याने लोखंडी अँगलचा केला. तो इतका भक्कम झाला, की टिकल्याला त्यात अडकवल्यावर तो जिथल्या तिथे उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होता. दुसऱ्या खेपेला कुंडलिकने हलके पाइप घेतले, लहान पोरांच्या मोडक्या सायकलची दोन चाकं लावली, कंबरेखाली जुन्या दप्तराचा पट्टा आवळला आणि लुळे पाय वर बांधून टाकले.

टिकल्याने एक पाऊल टाकलं. मागची चाकं फिरली. त्याने वळून चाकांकडे पाहिलं, पुन्हा एक पाऊल टाकलं आणि मग जो सुटला तो कुणालाच दिसेनासा झाला. अपघातापासून राहिलेलं पळणं त्याने त्या एका सकाळी वसूल केलं. शेजारच्या धोंडाबाईंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या बाजेखालून तो आरपार गेला. गाड्याची दांडी अडकून बाजही चार पावलं त्याच्याबरोबर गेली. तिथून कोंबड्या, तिथून कांद्याची वखार, आणि शेवटी वखारीच्या कुडाला धडकून तो आडवा झाला. शीला धापा टाकत पोचली, तेव्हा एक चाक हवेत गरगरत होतं आणि टिकल्या पडल्या पडल्या कान हलवत होता.

"ब्रेक लावायचा राह्यला," कुंडलिक एवढंच म्हणाला.

धोंडाबाईंची समजूत घालण्यात शीलाची दुपार गेली. पण त्या दिवसापासून घरात एक वेगळाच उत्साह आला. कुंडलिक रोज गाड्यात काहीतरी सुधारणा करायचा. शीला अंगणवाडीतून घरी आली, की आधी गोठ्यात जायची, टिकल्याला धुवायची, पुसायची, पट्ट्याखाली काही घासतंय का बघायची. आणि मथुऱ्या, जो परक्या माणसाला शिंगावर घ्यायचा, तो टिकल्याला मात्र डोक्यापासून चाटून काढायचा. सकाळी रखमाजी बैलांना फिरवायला न्यायचे, तेव्हा टिकल्या पुढे पळायचा आणि चाकांचा तो खुळखुळ आवाज ऐकत दोन्ही बैल ताल धरल्यासारखे मागून चालायचे.  रखमाजींनी फक्त फिरायचा रस्ता बदलला. गावातून जाण्याऐवजी ते कालव्याच्या कडेने जाऊ लागले, कारण तिथे सकाळी कुणी भेटत नसे.

चैत्रात यात्रा आली. २००२ सालची ती यात्रा लोणीत अजून आठवतात. घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती, लाउडस्पीकरवर निवेदकाचा घसा दहा वाजल्यापासूनच बसला होता. सोमाजीशेठचा गाडा बारा सेकंदांच्या आत वर पोचला होता आणि शेठ पांढऱ्या कपड्यांत पंचांच्या मांडवाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. रखमाजींची बारी सगळ्यात शेवटी होती. मथुऱ्या आता म्हातारपणाकडे झुकला होता. याच्यानंतर त्याला घाटात आणायचं नाही, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. 

आणि नेमका त्याच वेळी भिका समोर येऊन उभा राहिला. गाड्यापुढे पळणारी घोडी त्याची होती. मान खाली घालून त्याने सांगितलं, की घोडीचा नाल निखळलाय आणि ती लंगडतेय, पळवली तर कायमची जाईल.

दुसऱ्याची घोडी मागायला वेळ नव्हता. निवेदक रखमाशेठच्या नावाने दुसऱ्यांदा पुकारा करत होता. कुंडलिक म्हणाला, बारी सोडून देऊ. रखमाजींनी मथुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घोडीशिवाय गाडा जुंपायला सांगितला.

इकडे घरी वेगळंच घडत होतं. शीलाने सकाळी टिकल्याला फिरवून आणलं होतं आणि यात्रेच्या गडबडीत त्याचा गाडा सोडायचं राहून गेलं होतं. गोठ्याला बाहेरून कडी होती. दुपारी रखमाजींची बहीण लंकाबाई ओझरहून आल्या. विघ्नहराचे पेढे घेऊन, घामाघूम होऊन दारात पोचल्या, तर घरात कुणी नाही आणि मागच्या गोठ्यातून केविलवाणा आवाज. वासरू अडकलं असेल या समजुतीने त्यांनी कडी काढली. वासराऐवजी दोन चाकं लावलेलं एक कुत्रं त्यांच्या पायांमधून सुसाट बाहेर पडलं. लंकाबाईंना या पाहुण्याबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं. घरातलं काहीतरी यंत्र कुत्र्याने पळवलं, असं त्यांना वाटलं आणि पेढ्यांची पिशवी छातीशी धरून त्या त्याच्या मागे पळत सुटल्या.

टिकल्याला मथुऱ्याचा वास लागला होता. गावातून, खेळण्यांच्या दुकानांमधून, गुऱ्हाळाच्या बाकाखालून तो थेट घाटावर आला आणि माणसांच्या पायांतून वाट काढत नेमका चढाच्या मध्यावर बाहेर पडला. तिथे उभं राहून त्याने खाली पाहिलं. खाली मथुऱ्या आणि वाघ्या गाड्याला जुंपलेले होते. चार माणसं ढकलत होती, तरी बैल जागचे हलत नव्हते, कारण पुढे घोडी नव्हती.

लंकाबाई मागून ओरडल्या, "धरा त्याला." ते ऐकून टिकल्या वळला आणि वरच्या बाजूला पळाला. चाकं खुळखुळली. तो आवाज खाली पोचला मात्र, मथुऱ्याने मान उचलली आणि पुढच्या क्षणी रखमाजींच्या हातातून कासरा निसटला.

"सुटला, रखमाशेठचा गाडा सुटला," निवेदक बसलेल्या घशाने सांगू लागला. "पुढं घोडी न्हाई, बिगरघोडीचा गाडा हाय, पुढं... राव, पुढं काय पळतंय ते?"

त्यानंतरचे काही सेकंद घाटावर कुणाला श्वास घ्यायचं सुचलं नाही. वर टिकल्या, कान मागे पडलेले, जीभ बाहेर, चाकं दगडांवर उडतायत. मागे मथुऱ्या आणि वाघ्या, असे पळतायत की म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या. आणि सगळ्यांच्या मागे, बायका कधी धावपट्टीवर उतरत नसताना, लंकाबाई. शीलाने गर्दीतून ते पाहिलं आणि शेजारच्या अनोळखी बाईचा दंड इतका घट्ट धरला, की त्या बाईला पुढे दोन दिवस वळ होते.

टिकल्या रेघेवरून गेला आणि निशाण खाली पडलं. घड्याळवाल्याने घड्याळ थांबवलं. बैल मागून आले आणि गेले, पण तोवर सगळ्यांच्या नजरा कुत्र्याच्या मागे गेल्या होत्या. निवेदकाने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि जाहीर केलं, नऊ सेकंद. त्या घाटात नऊ सेकंदांत कधीच कुणी वर पोचलं नव्हतं.

सोमाजीशेठ खुर्चीवरून उठले. पंचांच्या मांडवात गर्दी झाली. निशाणवाल्या सावळेरामला पुढे उभं केलं. त्याचं म्हणणं साधं होतं. चाकं रेघेवर आली की निशाण टाकायचं, असं त्याला सांगितलेलं. चाकं आली, त्याने टाकलं. कुणाची चाकं ते बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग गाड्याचा खरा वेळ किती, असं पंचांनी विचारलं, तर तो कुणीच मोजलेला नव्हता.

पंचांनी आपसांत बराच खल केला. वहीत घोडीबद्दल नियम होता, फटाक्यांबद्दल होता, दारू पिऊन घाटात शिरणाऱ्याबद्दल तर तीन होते. कुत्र्याबद्दल काहीच नव्हतं. शेवटी सगळ्यात वयस्कर पंचाने निकाल सांगितला. कुत्रं बेवारशी असेल, तर ती बाहेरची अडचण झाली, रखमाशेठला बारी पुन्हा मिळेल. कुत्रं गाडामालकाचंच असेल, तर त्याने जनावर आवरलं नाही, बारी बाद.

रखमाजींनी वळून बैलांकडे पाहिलं. मथुऱ्या समोर फुरफुरत उभा होता, डोळ्यांत आग होती. तीस वर्षांत कुठल्याच बैलाला असं पळताना त्यांनी पाहिलं नव्हतं. भिकाने एवढ्यात दुसऱ्याची घोडी मिळवलीही होती. बारी पुन्हा मिळाली, तर पहिला नंबर हातात होता. आणि त्यासाठी नवीन काही बोलायची गरज नव्हती. तीन महिने जे सांगत आले, कुत्रं आपलं नाही, तेच माईकवर सांगायचं होतं.

"बोला रखमाशेठ," पंच म्हणाले. "कुत्रं कुणाचं?"

"बेवारशीच असणार," सोमाजीशेठ मधेच बोलले. त्यांना बहुधा वाटलं, आपण मोठ्या मनाने वागतोय. "असलं लुळं-पांगळं कोण पाळतंय? उद्या पोत्यात घालून नदीपल्याड सोडून द्या, म्हंजी पुन्यांदा घाटात याचं न्हाई."

टिकल्या तेव्हा मथुऱ्याच्या पुढच्या पायांमध्ये बसला होता. एक चाक वाकलं होतं. सगळे आपल्याकडे बघतायत हे लक्षात आल्यावर तो कान हलवू लागला.

रखमाजींनी निवेदकाच्या हातून माईक घेतला. माईक हातात धरायची त्यांची पहिलीच वेळ होती. त्यामुळे पुढचं वाक्य गरजेपेक्षा बरंच मोठ्याने, थेट स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

"कुत्रं माझं हाय. टिकल्या त्याचं नाव. बारी बाद झाली तर व्हऊ द्या, पर त्याला कुणी पोत्यात घालाय आला, तर आधी माझ्याशी गाठ हाय."

घाटावर शिट्ट्या, टाळ्या, टोप्या, गुलाल, सगळं एकदम उसळलं. गुलालाने टिकल्या कानांपासून चाकांपर्यंत लाल झाला. लंकाबाई तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मांडवापाशी पोचल्या. भाऊ काय बोलला ते त्यांना कळलं नव्हतं, पण सगळे खूश दिसतायत म्हणून त्यांनी पेढे वाटून टाकले. पहिल्या नंबरची ढाल सोमाजीशेठना मिळाली. ती घेताना तिथे पंच, फोटोवाला आणि शेठ असे तिघंच होते. फोटोवालासुद्धा घाईत होता, कारण त्याला खाली कुत्र्याचा फोटो काढायला जायचं होतं.

घरी परतताना रखमाजी मथुऱ्याच्या पाठीवर हात ठेवून चालत होते. शीलाने विचारलं, "मामा, वाईट वाटलं का?"

"मथुऱ्या काय पळाला, पाह्यलंस का तू?" ते म्हणाले, आणि पुढे घरापर्यंत तेच बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैल बाहेर काढले, टिकल्याला पुढे घातलं आणि कालव्याकडे न वळता सरळ गावातून, स्टँडवरून, सोमाजीशेठच्या दारावरून सगळ्यांना घेऊन गेले.

यात्रेनंतर आठव्या दिवशी सोमाजीशेठ स्वतः घरी आले. चहा झाला, पिकपाणी झालं, तरी उठेनात. मग हळूच शीलाला म्हणाले, "सूनबाई, मागल्या पायानं अधू असं एखादं कुत्रं कुठं मिळंल का?"

त्यांची तक्रार अशी, की पहिला नंबर येऊन काही उपयोग झाला नव्हता. मंचरच्या बाजारात लोक त्यांना थांबवून विचारत, तुम्ही ते कुत्रं जवळून पाहिलंत म्हणे. ढालीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आणि ते एकटेच नव्हते. त्या आठवड्यात अवसरीहून दोघे आणि पारगावहून एक गाडामालक लंगड्या कुत्र्याच्या शोधात घोडेगावच्या दवाखान्यात जाऊन आले होते. दोन महिने लोकांच्या विनवण्या करणारे डॉक्टर वाळुंज इतके गोंधळले, की त्यांनी शीलालाच बोलावून घेतलं. कुत्रं कुणाला द्यायचं, ते तुम्हीच बघा म्हणाले.

शीलाने ते काम मुलगी द्यायची असल्यासारखं केलं. घरात माणसं किती, अंगणाला कुंपण आहे का, जखम कोण धुणार, आणि कुत्र्याला घाटात पळवणार नाही, असा शब्द देणार का. शेवटचा प्रश्न ऐकून अवसरीचे दोघे पाणी न पिताच उठले. पारगावच्या माणसाने मात्र शब्द दिला आणि एका पायाने अधू असलेलं पिल्लू मोटारसायकलवर पुढे बसवून घेऊन गेला.

सोमाजीशेठ दवाखान्यात पोचले, तेव्हा व्हरांड्यात एक म्हातारी कुत्री तेवढी उरली होती. तिचा पुढचा एक पाय खांद्यापासून काढलेला होता आणि एका डोळ्यावर पडदा आला होता.

"ही पळायची न्हाई," शीलाने आधीच सांगून टाकलं. "दिवसातून दोनदा उठती, एकदा खायला आन् एकदा कूस बदलायला."

सोमाजीशेठचा चेहरा उतरला. पांढऱ्या धोतराचा सोगा सावरत ते उठायला निघाले. तेवढ्यात म्हातारी तीन पायांवर उभी राहिली, सावकाश डुलत डुलत आली आणि त्यांच्या उजव्या चपलेवर हनुवटी टेकून झोपून गेली. शेठना पाय उचलता येईना.  शेठ पुन्हा बाकावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दवाखान्यात दोन गाई आल्या आणि इंजेक्शन घेऊन गेल्याही. म्हातारी घोरत होती. पाय बदलावा असं शेठना एकदा वाटलं, पण त्यांनी तो तसाच राहू दिला.

शेवटी ते डॉक्टरांकडे वळले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "हिला तिखट चालतं का?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले.

सोमाजीशेठनी जरा विचार केला. मग सुस्कारा टाकून शीलाला म्हणाले, "मंग घरात सांगावं लागंल. आजपासनं समद्यांनीच फिकं खायचं."